आधी वाचा, मग तोला : जुन्या चांदीच्या रुपयांची पारख



आपल्या मेहरूणमध्ये, जळगावच्या जुन्या पेठांत, तसेच धुळ्यास अनेक घरांत एखादा जुना डबा किंवा कापडी बटवा असतो. त्यात दादी-नानीच्या वेळचे चांदीचे रुपये असतात. कोणाकडे चार, कोणाकडे चाळीस. कोणाच्या घरी त्यांना कडी लावून हमेल केलेली असते. लग्नकार्य निघाले, दुखणे आले किंवा चांदीचा भाव चढला की हा डबा उघडतो आणि सरळ सराफ्यात जातो. तेथे काट्यावर ढीग ठेवला जातो, वजन होते, पैसे मिळतात, आणि नाणी आटणीत जातात.

आम्हीही हेच केले आहे. १९९८ साली धाकट्या बहिणीच्या लग्नात घरातील चाळीस रुपये आम्ही वजनावर विकले. सराफाने लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही वजनाचा भाव मागितला आणि तो आम्हाला मिळाला. पुढे वालिदसाहेबांच्या जुन्या वहीत त्यांच्या हातची उर्दू यादी सापडली : राणीछाप २२, राजाछाप १४, हाली २, सन १९११ चा १, आलमगिरी बुरहानपुरी १. एकूण चाळीस. वालिदसाहेबांनी प्रत्येक नाणे वाचून ठेवले होते. आम्ही दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलो, पण विकण्यापूर्वी एकही नाणे डोळ्यांजवळ नेले नाही. ज्या नाण्यावर आपल्याच खानदेश सुभ्याच्या राजधानीचे नाव होते तेही इतरांबरोबर आटले.

त्यानंतर आम्ही या विषयाकडे लक्ष दिले. कापडाचा धंदा सांभाळून जे शिकता आले ते येथे मांडत आहोत. लेखाचा सारा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर तो असा : आधी वाचा, मग तोला.

एका रुपयाच्या दोन किमती

प्रत्येक जुन्या चांदीच्या नाण्याला दोन किमती असतात. पहिली धातूची. ती वजन, टंच आणि त्या दिवसाचा भाव यांवर ठरते व रोज बदलते. दुसरी संग्राहकाची. ती नाणे कोणते, किती दुर्मीळ आणि किती चांगल्या स्थितीत आहे यांवर ठरते. दुसरी किंमत पहिलीपेक्षा नेहमीच जास्त असते असे समजू नये. घरातील बहुतेक नाण्यांना धातूच्या किमतीहून थोडेच अधिक मिळते. पण डब्यात एखादे नाणे वेगळे निघते, आणि ते ओळखल्याशिवाय वेगळे काढता येत नाही. कापडाच्या गाठोड्यात एखादे रेशमी थान सुती भावात गेले तर दोष गिऱ्हाइकाचा नसतो, न पाहता गाठोडे देणाऱ्याचा असतो.

तोळ्याचा घोळ

पहिली चूक तोळ्यात होते. जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, अर्थात ११.६६ ग्रॅम. इंग्रजी अमलातील रुपया बरोबर एक तोळ्याचा होता आणि सराफ रुपयालाच वजन म्हणून वापरत. आज सराफ्यात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. 'चाळीस रुपये म्हणजे चाळीस तोळे' असा तोंडी हिशेब करून कोणी आजचा तोळा धरला, तर प्रत्येक नाण्यामागे १.६६ ग्रॅम आणि चाळीस नाण्यांमागे सुमारे ६६ ग्रॅम चांदी हिशेबाबाहेर राहते. म्हणून व्यवहार नेहमी ग्रॅममध्येच करावा. घासलेला रुपया ११.५ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी भरतो. तेव्हा मोजणीवर न जाता प्रत्यक्ष वजन करावे.

कलदार रुपये : कोणत्या सालात किती चांदी

कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखात एकच रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन आणि त्यात १२ पैकी ११ भाग चांदी. यंत्रावर पाडलेला, कडेला कंगोरे असलेला म्हणून त्यास कलदार म्हणत. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. या काळातील न घासलेल्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. अधेली, पावली आणि दोन आणे यांत त्याच प्रमाणात.

१९४० पासून दुसऱ्या महायुद्धामुळे चांदी निम्म्यावर आली. वजन तेच ११.६६ ग्रॅम, पण चांदी ५० टक्के, उरलेल्यात तांबे ४०, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के. म्हणजे रुपयात फक्त ५.८३ ग्रॅम चांदी. १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, तो निव्वळ निकेलचा. त्यात चांदी अजिबात नाही. लोहचुंबकाला चिकटला की तो निकेलचा समजावा.

हिशेबासाठी समजा, चांदी १०० रुपये ग्रॅम आहे. मग :

१९१८ चा राजाछाप रुपया : १०.६९ ग्रॅम, सुमारे १,०६९ रुपये.
१९४४ चा रुपया : ५.८३ ग्रॅम, सुमारे ५८३ रुपये.
निजामाचा चारमिनारी हाली रुपया : वजन ११.१८ ग्रॅम, टंच ८१.८, म्हणून चांदी ९.१४ ग्रॅम, सुमारे ९१४ रुपये.
१९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे : वजन १५ ग्रॅम, टंच ८०, म्हणून चांदी १२ ग्रॅम, सुमारे १,२०० रुपये.

आटणीची घट आणि सराफाचा नफा यातून वजा होईल, ते रास्तच आहे. पण १९४० च्या आधीची आणि नंतरची नाणी एकत्र तोलू देऊ नयेत. एकत्र ढिगाला सरसकट खालचा टंच लागतो आणि नुकसान आपले होते.

आता त्यातील प्रकार.

१८३५ सालचा रुपया विल्यम राजाचा. त्याच्या मानेच्या कापलेल्या कडेवर बारीक अक्षरे असतात. ती कोणती आणि कशी उठलेली आहेत यावर प्रकार ठरतो.

१८४० सालच्या राणीछाप रुपयावर पुढे बरीच वर्षे तेच साल राहिले. त्यात दोन मुख्य प्रकार आहेत. एकात राणीच्या नावाची अक्षरे डोक्यावरून सलग जातात. दुसऱ्यात ती डोक्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेली असतात. सलग अक्षरांचा आधीचा, विभागलेला नंतरचा.

१८६२ चा रुपया कंपनीचे राज्य संपून राणीचे आल्यानंतरचा. हेही साल १८७४ पर्यंत गोठलेले राहिले. मुंबईच्या टांकसाळीने वर्ष कळावे म्हणून काटा बाजूला बारीक ठिपके दिले. भिंगातून ठिपके मोजणारे संग्राहक आहेत आणि काही मांडणींना चांगला दाम देतात. १८७७ पासून राणीच्या नावापुढे 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले.

एडवर्ड राजाचे रुपये १९०३ ते १९१० चे. त्यांवर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया आपल्या लोकांनी अवश्य लक्षात ठेवावा. राजाच्या झग्यावर मानचिन्हाचा हत्ती कोरलेला होता, पण सोंड इतकी आखूड पडली की तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमानांनी हरकत घेतली. सरकारने वाटप थांबवले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. १९११ चे सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांतील सुमारे ७ लाखच व्यवहारात आले, बाकीचे आटवले. ज्या नाण्याला आपल्या आजोबा-पणजोबांनी नकार दिला, तेच आज इतर जॉर्ज रुपयांपेक्षा जास्त मागितले जाते. म्हणून जॉर्ज रुपयांच्या ढिगातून १९११ आधी वेगळे काढावे.

उलट १९१८ चा रुपया. पहिल्या महायुद्धात सरकारला चांदीची फार गरज पडली. अमेरिकेने १९१८ साली खास कायदा करून आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर आटवले आणि ती चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली. १९१८ साली कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही टांकसाळींनी प्रत्येकी वीस कोटींहून अधिक रुपये पाडले. म्हणून हा रुपया घरोघर सापडतो. तो अगदी कोरा नसेल तर धातूच्या भावालाच जातो. नाणे जुने म्हणून महाग होत नाही, कमी उरले म्हणून महाग होते.

सर्वांत सावध राहावे ते १९३९ च्या रुपयाबाबत. हा फारच दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयातील शेवटचा आकडा कोरून ९ केलेले नग बाजारात फिरतात. भिंगातून आकड्याभोवतीची जमीन पाहावी. खरवडल्याची खूण किंवा आकड्याची उंची वेगळी दिसली तर सोडून द्यावा.

टांकसाळीची खूण सर्वसाधारणपणे अशी : मुंबईच्या नाण्यावर ठिपका किंवा इंग्रजी 'बी', १९४३ पासूनच्या लाहोरच्या काही नाण्यांवर 'एल', आणि कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते. एकाच सालात एका टांकसाळीचे नाणे सामान्य आणि दुसरीचे दुर्मीळ असू शकते.

फारसी मजकुराचे रुपये : येथे आपला हात वर आहे

राणीछाप रुपया कोणीही ओळखतो. पण १८३५ पूर्वीच्या रुपयावर चेहरा नसतो, फारसी मजकूर असतो. बाजारात अशा नाण्याला 'मुसलमानी सिक्का' म्हणून एकाच भावात टाकतात. आपण उर्दू शाळेत शिकलेली माणसे. शेरशाह सूरीने १७८ ग्रेनच्या आसपास वजनाचा, जवळपास शुद्ध चांदीचा रुपया काढला, अकबराने तो पुढे चालवला, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे रुपयावर जी लिपी राहिली ती आपल्याला येते. ही पुंजी आपण वापरत नाही.

वाचण्याची पद्धत सोपी आहे. मजकूर ओळीने नसतो, जागा मिळेल तशी अक्षरे एकावर एक रचलेली असतात. सर्वांत आधी 'जर्ब' हा शब्द शोधावा. जर्ब म्हणजे ठोकलेला. त्याच्या लगत शहराचे नाव येते. मग 'जुलूस' आणि 'सना' शोधावे. तेथे बादशहाच्या गादीवर बसल्यापासूनचे वर्ष मिळते. औरंगजेबापासून 'सना जुलूस मैमनत मानूस' हा साचा बहुतेक नाण्यांवर दिसतो. दुसऱ्या बाजूला बादशहाचे नाव आणि हिजरी साल असते. आकडे आपल्या शाळेतलेच आहेत. न जाणणारे पाचाला शून्य समजतात, आणि शून्याचा ठिपका त्यांना नक्षीत सापडत नाही.

हिजरी सालाचे इसवी करण्यासाठी सालाला ०.९७ ने गुणावे आणि ६२२ मिळवावे. उदाहरणार्थ हिजरी १११५ : गुणाकार सुमारे १०८१.५ येतो, त्यात ६२२ मिळवले की १७०३. औरंगजेबाची जुलूस वर्षे रमजान १०६८ पासून मोजतात. म्हणून हिजरी १११५ च्या नाण्यावर जुलूस ४७ किंवा ४८ हवे. १११५ सोबत २० दिसले तर काही तरी चुकले आहे : आपले वाचन, टांकसाळीचा ठसा, किंवा नाण्याचा खरेपणा.

मोगल रुपयांत शाहजहानच्या नाण्यांवर कलमा आणि भोवती चार खलिफांची नावे असतात. औरंगजेबाने कलमा काढला, कारण नाणे कोणाच्याही हातापायाखाली जाते आणि बेअदबी होते. त्याच्या रुपयावर कलम्याच्या जागी फारसी शेर आला. म्हणून कलमा दिसला की नाणे औरंगजेबाच्या आधीचे असावे हा पहिला अंदाज बांधता येतो.

आपल्या भागासाठी महत्त्वाचे नाव बुरहानपूर. खानदेश सुभ्याची ही राजधानी आज मध्य प्रदेशात असली तरी आपल्या रावेरपासून जवळच. फारूकी घराण्याकडून १६०१ मध्ये खानदेश अकबराने घेतला. तेव्हापासून बुरहानपूरच्या टांकसाळीत मोगल रुपये पडू लागले, आणि पुढे शिंद्यांच्या अमलातही शाह आलमच्या नावाने पडत राहिले. काही नाण्यांवर शहराला 'दार-उस-सुरूर' म्हटले आहे. खानदेशातील जुन्या डब्यात फारसी रुपया निघाला तर आधी 'बुरहानपूर' शोधावे.

मराठेशाहीचे रुपयेही फारसीतच आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण असते आणि मजकुरात पुण्याचे मोगली नाव 'मुहियाबाद' येते. चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया शाह आलमच्या नावाचा, तो खानदेशातही चालत असे. कंपनीने पाडलेला सुरती रुपयाही शाह आलमच्याच नावाचा. त्यावर जुलूस ४६ हे वर्ष गोठवलेले आहे. शाह आलमचे नाव दिसले म्हणजे दिल्लीचे नाणे झाले असे नाही. टांकसाळ आणि खूण पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

अजिंठ्याच्या पलीकडे निजामाचे राज्य होते, त्यामुळे हाली रुपयेही आपल्याकडे सापडतात. हिजरी १३२१ पासूनच्या रुपयावर चारमिनार आहे. मिनाराच्या मधल्या दारात पाहावे. तेथे 'मीम' असेल तर महबूब अली खान यांचा, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांचा. उस्मान अली खान यांच्या पहिल्या काळातील, हिजरी १३२९-३० च्या नाण्यांवर ऐन अपुरा आहे आणि पुढे तो पुरा झाला. ज्याला ऐन माहीत नाही त्याला हा फरक रेघोटीचा वाटतो. आपल्या मदरशातील लहान मूलसुद्धा तो सांगू शकेल. निजामाच्या नाण्यांवर आसफजाह या नावाबरोबर ९२ हा आकडाही आढळतो. अबजद हिशेबाने मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४, म्हणजे आपल्या प्यारे नबींचे (स.) मुबारक नाव.

दर्जा : थान पाहतो तसे नाणे पाहा

कापडात आपण फ्रेश, सेकंड, फेंट आणि चिंधी असे माल वेगळे करतो. नाण्यांतही तसेच आहे. बाजारातील इंग्रजी संज्ञा पुढे देत आहोत, म्हणजे कोणी बोलला तर गोंधळ होणार नाही.

यूएनसी : कोरे. व्यवहारात न गेलेले. मूळ झळाळी हलवल्यावर फिरताना दिसते. थैलीतील बारीक ओरखडे चालतात, पण झीज चालत नाही. हे घडी न मोडलेले थान.

एक्सएफ : उत्तम. फक्त सर्वांत उंच जागा किंचित घासलेल्या. राणीछापमध्ये कानाजवळचे केस आणि झग्यावरची फुले, राजाछापमध्ये मुकुट आणि झग्यावरचा हत्ती येथे पाहावे.

व्हीएफ : चांगले. झीज दिसते, पण बहुतेक बारकावे शिल्लक.

एफ : साधे. चेहरा, अक्षरे, साल स्पष्ट, आतील नक्षी गेलेली.

त्याखालील नाणी, दुर्मीळ साल सोडले तर, वजनाची.

एकाच सालाच्या एफ आणि यूएनसी नाण्यात कित्येक पटींचा फरक पडतो. अमेरिकेत १९४९ मध्ये शेल्डन यांनी १ ते ७० अशी श्रेणी सुचवली. आज एनजीसी आणि पीसीजीएस या कंपन्या नाणे तपासून त्याच पद्धतीचा आकडा देतात आणि पारदर्शक डबीत सीलबंद करतात. त्याचा खर्च येतो, म्हणून साध्या नाण्यासाठी त्या भानगडीत पडू नये.

हाताने ठोकलेल्या फारसी रुपयांचा दर्जा वेगळ्या तऱ्हेने ठरतो. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळा मजकूर क्वचितच उमटतो. झीज थोडी जास्त असली तरी चालेल, पण टांकसाळीचे नाव आणि साल नाण्यावर पूर्ण आलेले असावे. ज्यावर 'बुरहानपूर' पुरे वाचता येते ते नाणे चकचकीत पण निनावी नाण्याहून वरचे.

आता दोष. भोक, कडी झाळल्याचा डाग, कानशीने घासलेली कड, सराफाने परीक्षेसाठी मारलेली खूण, आणि पॉलिश. यांतील एक जरी असला तरी किंमत बरीच खाली येते. पहिले चार दोष बहुधा आपल्या वाडवडिलांच्या वेळचे असतात, त्याला इलाज नाही. पाचवा आपण स्वतः करतो. विकण्यापूर्वी नाणे चिंच, राख, रिठा किंवा पावडरने घासून चकचकीत करतात. त्याने वरचा थर आणि मूळ झळाळी जाते आणि एक्सएफचे नाणे क्षणात वजनाचे होते. जुन्या चांदीवरचा काळसर रंग हा मळ नाही. हात लावायचा तर कडेने धरावे. तेल-माती असेल तर साध्या पाण्यात ठेवून मऊ सुती फडक्याने नुसते टिपावे. घासू नये.

खोटे ओळखण्याच्या चार पायऱ्या

पहिली, वजन : ११.६६ च्या जवळ हवे. ठळक नक्षीचे नाणे १० ग्रॅम भरले तर ती सराफ्यात दिवाळीसाठी पाडलेली नक्कल असण्याची शक्यता फार. तिच्यात चांदी असू शकते, पण ते जुने नाणे नव्हे.

दुसरी, चुंबक : चांदीला ओढत नाही.

तिसरी, पाणी : शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, तळाला किंवा बाजूला न टेकवता, पूर्ण बुडवावे. १९४० पूर्वीच्या चांगल्या रुपयाला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला सुमारे १.२२, आणि जर्मन सिल्व्हर किंवा पितळेच्या नकलेला १.३३ च्या वर. नाण्याला ओरखडा न पडता परीक्षा होते. दोन-तीन वेळा करून पाहावी.

चौथी, भिंग : साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, बोथट अक्षरे आणि कडेवर जोड दिसतो.

यांखेरीज काही वस्तू नाणी नसतातच. १८१८ सालचे रामदरबाराचे कंपनी सरकारचे 'नाणे', किंवा मक्का-मदिनेच्या चित्राचे शेकडो वर्षांपूर्वीचे 'नाणे', हे कोणत्याही टांकसाळीचे नव्हेत. श्रद्धेच्या नावावर ती लाखांना विकू पाहणारे भेटतात. फोनवरून 'तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी फी भरा' म्हणणारेही आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या नावाने चाललेल्या अशा व्यवहारांविरुद्ध इशारा दिला होता. ज्याला माल घ्यायचा आहे तो पैसे देतो, मागत नाही.

कायदा आणि शरीयत

घरात वारशाने आलेली नाणी विकण्यास हरकत नाही. पण पाया खणताना, जुनी भिंत पाडताना जमिनीत हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते. गवंडीकाम करणाऱ्या बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे. लपवून आटवल्याने गुन्हाही होतो आणि नाण्याची किंमतही जाते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेता येत नाहीत. आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकांच्या हाती ती पाठवू नयेत.

जकातीत ही नाणी धरायची असतात. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, आणि हा तोळा जुना, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. येथेही १० ग्रॅमचा तोळा धरून चालत नाही. निम्म्या चांदीच्या नाण्यांचा हिशेब आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून करावा. जुने रुपये देऊन चांदीचा दागिना बदल्यात घेताना वजनात कमी-जास्त झाले तर व्याजाचा प्रश्न उभा राहतो. सरळ मार्ग असा की नाणी रोख पैशांना विकावीत, पैसे हातात घ्यावेत आणि मग दागिना खरेदी करावा.

विकताना

घाईत विकू नये. लग्नाच्या आठ दिवस आधी डबा उघडला तर वजनाचाच भाव मिळतो. आज सवड आहे तर आज यादी करावी : प्रत्येक नाण्याचे साल, टांकसाळ, वजन, दर्जा, दोष. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. वेगळी वाटणारी नाणी बाजूला ठेवून दोन-तीन नाणे व्यापाऱ्यांना दाखवावीत आणि लिलावांत मिळालेले प्रत्यक्ष भाव पाहावेत. मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. नाशिकजवळ अंजनेरीस नाण्यांच्या अभ्यासाची संस्था व संग्रहालय आहे. तेथे एकदा मुलांना घेऊन जावे.

शेवटी, ज्या बंधूंना ही पारख येईल त्यांच्यासाठी दोन शब्द. उद्या एखादी बेवा बहीण तुमच्या दुकानावर बटवा घेऊन येईल आणि वजनाचा भाव मागेल. त्यात १९११ किंवा बुरहानपूर तुम्हाला दिसेल, तिला दिसणार नाही. बाजारभाव माहीत नसलेल्या काफिल्याला शहराबाहेर गाठून माल घेण्यास आपल्या नबींनी (स.) मनाई केली आहे. हा बटवा म्हणजे तोच काफिला आहे. नफा जरूर घ्यावा, तो हलाल आहे. पण नाणे काय आहे ते तिला आधी सांगावे आणि मग भाव करावा. बरकत त्यातच आहे.

आमच्या घरात आता तीनच जुने रुपये उरले आहेत. त्यांची यादी आम्ही वालिदसाहेबांच्या त्याच वहीत, त्यांच्या यादीखाली लिहिली आहे, आणि मुलांना ती वाचून दाखवली आहे. वाचक बंधूंनी या जुम्याला सवड काढून आपल्या घरचा डबा उघडावा. विकण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी.